प्रवासी विमानांचे कार्यकारी विमानांत रूपांतर

प्रवासी विमानांचे कार्यकारी विमानांत रूपांतर : हवाई वाहतूक कंपन्यांसाठी बांधलेल्या मोठ्या विमानातील आसनांच्या रांगा काढून, त्याच्या अंतर्भागाची नव्याने रचना करून व बहुधा इंधनसाठा वाढवून ते विमान राष्ट्रप्रमुख, उद्योगपती किंवा एखादी संस्था यांच्या दूर पल्ल्याच्या खाजगी प्रवासासाठी सिद्ध करण्याची प्रक्रिया. लिअरजेट, गल्फस्ट्रीम इ. विमाने मुळातच खाजगी प्रवासासाठी अभिकल्पित केलेली असतात; त्यांचा समावेश येथे होत नाही. रूपांतरासाठी एखाद्या कंपनीने वापरलेले जुने विमान विकत घेतात किंवा अंतर्भाग रिकामा ठेवलेले नवे विमान थेट कारखान्यातून घेतात. दुसऱ्या प्रकारच्या विमानावर रंगकामापूर्वीचा हिरवट संरक्षक लेप तेवढा असल्यामुळे व्यवसायात त्यास ‘हिरवे विमान’ असे म्हणतात. भारतात दीर्घकाळ रूढ असलेला आणखी एक प्रकार म्हणजे तात्पुरत्या रूपांतराचा. यात चालू सेवेतील विमान एका दौऱ्यापुरते काढून घेत, त्याचा पुढील भाग बदलत व दौरा संपताच ते पुन्हा प्रवाशांच्या सेवेत रुजू करीत. ही पद्धत वरवर काटकसरीची दिसते. प्रत्यक्षात तिचा भार कोणावर पडत होता, हे पुढे दिसून येईल.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकेत डीसी-३ या प्रवासी विमानाची दहा हजारांहून अधिक लष्करी रूपे तयार झालेली होती. शांतताकाळात त्यांतील बरीच निरुपयोगी ठरून अल्प किमतीत विकली गेली. एकवीस ते अठ्ठावीस प्रवाशांच्या जागी आठ-दहा खुर्च्या, एक मेज, लहानसे स्वयंपाकघर व प्रसाधनगृह बसवून देण्याचा व्यवसाय तेथे उभा राहिला आणि तेल व पोलाद कंपन्यांचे अधिकारी अशा विमानांतून फिरू लागले. शासकीय क्षेत्रात रूझवेल्ट यांच्यासाठी डीसी-४ चे लष्करी रूप व ट्रूमन यांच्यासाठी डीसी-६ हे विमान सिद्ध करण्यात आले. १९६२ पासून अमेरिकेच्या अध्यक्षांसाठी बोइंग ७०७ व १९९० पासून बोइंग ७४७ यांवर आधारित विमाने वापरात आली.

जेट युगात या व्यवसायास खरी चालना मिळाली ती १९७३ च्या तेलसंकटानंतर. पहिल्या पिढीची जेट विमाने इंधन फार खात. वर्षाला तीन-तीन हजार तास विमान उडविणाऱ्या कंपनीला ती परवडेनाशी झाली. खाजगी मालकाचे विमान वर्षाकाठी तीन-चारशे तासच उडते. त्यामुळे त्याच्या हिशेबात इंधनापेक्षा खरेदीची किंमत महत्त्वाची ठरते. एकाला टाकाऊ वाटलेले विमान दुसऱ्याला स्वस्त वाटते, ते या साध्या फरकामुळे. गायक एल्व्हिस प्रेस्ली याने १९७५ मध्ये डेल्टा कंपनीने पूर्वी वापरलेले कॉन्व्हेअर ८८० हे विमान अडीच लाख डॉलरना घेतले आणि त्याच्या अंतर्भागावर त्याहून अधिक रक्कम खर्च केली. पुढे ध्वनिप्रदूषणाचे नियम कडक झाले व शतकाच्या अखेरीस अशा गोंगाटी विमानांना अमेरिका आणि यूरोप येथे प्रवेश दुरापास्त झाला. ही पोकळी नव्या विमानांनी भरून काढली. बोइंग कंपनीने १९९६ मध्ये ७३७-७०० या विमानाचे धड आणि ७३७-८०० चे अधिक भक्कम पंख व चाकांचा सांगाडा यांची जुळणी करून बोइंग बिझनेस जेट हा प्रकार जाहीर केला. पाठोपाठ १९९७ मध्ये एअरबसने ए-३१९ वर आधारलेले विमान बाजारात आणले.

तंत्र : रूपांतराचे मर्म सजावटीत नसून वजनाच्या गणितात आहे. कोणत्याही विमानाचा कमाल उड्डाणभार ठरलेला असतो. विमानाचे स्वतःचे वजन, प्रवासी व सामान यांचे वजन आणि इंधनाचे वजन यांची बेरीज त्या मर्यादेत बसवावी लागते. सामानासह एका प्रवाशाचे वजन सु. शंभर किग्रॅ. धरले, तर ७३७-७०० मधील सव्वाशे-दीडशे प्रवाशांपैकी १२० कमी केल्यास बारा टनांची सवड होते. हे विमान समुद्धरण अवस्थेत तासाला अडीच टनांच्या आत-बाहेर इंधन जाळते व सु. ८३० कि.मी. अंतर कापते. बारा टन इंधन अधिक घेता आले, तर विमान पावणेपाच तास जास्त उडेल, म्हणजे सु. चार हजार कि.मी. पुढे जाईल. मात्र लाकडी कपाटे, पलंग, स्नानगृह, पाण्याच्या टाक्या, ध्वनिरोधक अस्तर यांचेच वजन पाच-सहा टन भरते. ज्या मालकास संगमरवराची हौस असेल, त्याला ती पल्ल्याच्या रूपाने चुकती करावी लागते. कंपन्यांच्या सेवेतील ७३७-७०० चा पल्ला सु. ६,००० कि.मी. असतो, तर बिझनेस जेटचा सु. ११,००० कि.मी.पर्यंत जातो. यात प्रवासी कमी केल्याइतकाच वाढीव उड्डाणभाराचाही वाटा आहे.

वाढीव इंधन ठेवावयाचे कोठे, हा पुढचा प्रश्न. पंखांतील टाक्यांचे आकारमान बदलता येत नाही. म्हणून प्रवासी कक्षाखालील मालकक्षात पूरक टाक्या बसवितात. त्या दुहेरी भिंतीच्या असतात, म्हणजे आतील भिंतीतून गळती झाली, तरी इंधन वा त्याची वाफ दाबयुक्त कक्षात शिरत नाही. त्यांतील इंधन बहुधा हवेच्या दाबाने मध्यवर्ती टाकीत ढकलले जाते व तेथून एंजिनांना मिळते. टाक्या मालकक्षाच्या पुढच्या व मागच्या भागांत विभागून ठेवतात. अन्यथा इंधन संपत जाईल तसा विमानाचा गुरुत्वमध्य सरकून त्याचा तोल बिघडेल.

अंतर्भागातील प्रत्येक बदलास विमानवाहतूक नियंत्रकाकडून पूरक प्रमाणपत्र घ्यावे लागते. पडदा, गालिचा, कातडे, लाकडाचा पातळ थर यांची ज्वलनपरीक्षा होते. गुरुत्वीय प्रवेगाच्या सोळापट झटका आसनाने सहन केला पाहिजे, अशी अपेक्षा असते. आडव्या, भिंतीलगतच्या दिवाणावर बसलेल्या प्रवाशाची मान अशा झटक्यात कशी वाचवावी, हा अभियंत्यांच्या डोकेदुखीचा जुना विषय आहे. शयनकक्षाचे दार आपत्तीत अडून बसता कामा नये. आसनसंख्या एकोणीसपेक्षा जास्त झाली की, नियमानुसार विमानात परिचर नेमावा लागतो व इतरही अटी वाढतात. म्हणून शंभराहून अधिक प्रवाशांचे विमान घेऊन त्यात नेमक्या एकोणीस जागा ठेवलेल्या आढळतात. हिरव्या विमानाची अंतर्रचना पूर्ण होण्यास आठ-दहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत काळ लागतो. हे काम मुख्यतः जर्मनीतील हँबर्ग, स्वित्झर्लंडमधील बाझल आणि अमेरिकेतील काही ठिकाणी चालते.

महाराष्ट्र आणि भारत : महाराष्ट्रात या इतिहासाचा आरंभ उलट दिशेने झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू मैदानावर टपाल आणले, ते ‘पुस मॉथ’ या विमानातून. हे विमान हौशी धनिकांच्या सहलींसाठी बनविलेले होते; वैमानिकाखेरीज फार तर दोघांची जागा त्यात असे. म्हणजे भारतीय हवाई वाहतुकीचा प्रारंभच खाजगी विमान सार्वजनिक सेवेस लावून झाला. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलाने भरून जाई, तेव्हा टाटांचा हा इवलासा विमानविभाग दरवर्षी आपली दोन विमाने, वैमानिक आणि यंत्रज्ञ यांसह पुण्यास हलविला जाई. तेथे येरवड्याच्या तुरुंगाशेजारील मैदान विमानतळ म्हणून वापरण्याची परवानगी मिळाली होती. मुंबई-पुणे मार्गाखाली बोरघाट आणि मावळ येतात. विमानात बिनतारी यंत्रणा नव्हती; वैमानिकाला खालची भूमी पाहूनच वाट काढावी लागे. या भूमीवर वळवण, लोणावळा व शिरवटे हे जलाशय टाटांच्याच जलविद्युत् प्रकल्पासाठी त्याआधी दोन दशके बांधले गेले होते व खोपोलीच्या केंद्रातून १९१५ पासून मुंबईस वीज जात होती.

महायुद्धानंतर भारतातही लष्करी डाकोटा विमाने मुबलक उपलब्ध झाली. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात त्यांचे प्रवासी विमानांत रूपांतर करण्यात आले आणि त्यांच्या बळावर अनेक खाजगी कंपन्या निघाल्या. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाल्यावर या कंपन्यांच्या जागी एअर इंडिया इंटरनॅशनल व इंडियन एअरलाइन्स ही दोन महामंडळे आली. राष्ट्रपती, पंतप्रधान इत्यादींच्या देशांतर्गत प्रवासासाठी भारतीय वायुसेनेचे एक स्वतंत्र पथक १९४७ पासून आहे. डाकोटा, व्हायकाउंट, सोव्हिएट बनावटीचे टीयू-१२४, बोइंग ७३७-२०० असे मूळचे प्रवासी विमानप्रकार त्याने क्रमाक्रमाने वापरले. ४ नोव्हेंबर १९७७ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांचे टीयू-१२४ विमान आसामातील जोरहाटजवळ कोसळले. देसाई व सहप्रवासी बचावले, परंतु वायुसेनेचे पाच कर्मचारी मृत्युमुखी पडले. २००९ मध्ये या पथकात तीन बोइंग बिझनेस जेट विमाने दाखल झाली व त्यांस राजदूत, राजहंस आणि राजकमल अशी नावे देण्यात आली.

परदेशी दौऱ्यांची व्यवस्था मात्र एअर इंडियाकडे होती. आधी बोइंग ७०७ व नंतर ७४७ ही जंबो विमाने त्यासाठी वापरली जात. एअर इंडियाचे मुख्य कार्यालय २०१३ पर्यंत मुंबईत होते आणि जंबो विमानांची मोठी देखभाल सांताक्रूझच्या जुन्या विमानतळावरील तिच्या तळावर होत असे. दौऱ्यापूर्वी काही दिवस एक विमान नियमित सेवेतून काढले जाई. पुढच्या भागातील आसने हलवून तेथे पंतप्रधानांसाठी बैठकीची व विश्रांतीची सोय केली जाई. मधल्या भागात अधिकारी व सुरक्षारक्षक, मागे पत्रकार अशी विभागणी असे. ऐनवेळी बिघाड झाल्यास अडचण नको, म्हणून आणखी एक विमान राखीव ठेवीत. चारशेहून अधिक प्रवासी नेणारी दोन विमाने अशा प्रकारे एका दौऱ्यासाठी अडकून पडत. ज्या कंपनीकडे अशी विमाने मोजकीच होती, तिच्या वेळापत्रकावर याचा परिणाम होणे अपरिहार्य होते. तिकीट काढलेल्या सामान्य प्रवाशाला आपले विमान का बदलले वा रद्द झाले, याचे खरे कारण क्वचितच कळत असेल.

या दौऱ्यांची बिलेही वेळेवर चुकती होत नसत. सप्टेंबर २०१८ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली मिळालेल्या उत्तरानुसार अतिविशिष्ट व्यक्तींच्या उड्डाणांपोटी शासनाकडून एअर इंडियास येणे असलेली रक्कम सु. १,१४६ कोटी रुपये होती व त्यांतील काही बिले दहा वर्षांपूर्वीची होती. त्याच काळात कंपनी प्रचंड कर्जाखाली असून तिला जगविण्यासाठी शासन वारंवार भांडवल पुरवीत होते. एका हाताने थकविलेले पैसे दुसऱ्या हाताने मदत म्हणून द्यावयाचे, असा हा व्यवहार होता. कंपनीच्या तोट्याची चर्चा करताना तिच्यावर लादलेला हा भार बहुधा विसरला जातो. तात्पुरत्या रूपांतराच्या बाजूने सांगण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे. दौरा संपल्यावर विमान लोकांच्या उपयोगी पडे. १ फेब्रुवारी २०२० रोजी चीनमधील वूहान शहरातून ३२४ भारतीयांना परत आणले, ते एअर इंडियाच्या याच जंबो ताफ्यातील विमानाने.

कायम रूपांतराचा निर्णय झाल्यावर २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात दोन विमानांच्या खरेदीसाठी ४,४६९.५० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. एअर इंडियासाठी बांधलेली दोन बोइंग ७७७-३००ईआर विमाने अमेरिकेत पाठविण्यात आली. तेथे अंतर्रचनेबरोबरच क्षेपणास्त्रांपासून बचाव करणारी यंत्रणा त्यांवर बसविली गेली. पहिले विमान १ ऑक्टोबर २०२० रोजी दिल्लीस आले. ती वायुसेनेचे वैमानिक चालवितात. जंबो विमानाला अमेरिकेस जाताना फ्रँकफुर्टसारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावे लागे. नव्या विमानाने सप्टेंबर २०२१ मध्ये पंतप्रधान दिल्लीहून वॉशिंग्टनला न थांबता गेले. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा टाटा समूहाकडे गेली. शिल्लक जंबो विमाने विकण्यात आली आणि त्यांपैकी ‘आग्रा’ नावाच्या विमानाने २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबई सोडली.

खाजगी मालकी : भारतीय उद्योगसमूहांनी प्रवासी विमानांवर आधारित कार्यकारी विमाने घेण्यास सुरुवात केली, ती एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. २००७ मध्ये खाजगी वापराच्या विमानांवर आयातशुल्क लागू झाले, तर भाड्याने चालवावयाच्या विमानांना सवलत राहिली. परिणामी धनिकांची अनेक विमाने कागदोपत्री भाड्याची ठरली व त्यावरून सीमाशुल्क खात्याशी वाद उद्भवले. रिलायन्स समूहाच्या ताफ्यात एअरबस ए-३१९ होते. २०२४ मध्ये बोइंग ७३७ मॅक्स ९ वर आधारलेले विमान बाझल येथे अंतर्रचना होऊन त्यांच्याकडे आले.

अशा विमानांचे अर्थशास्त्र ध्यानात येण्यास मुंबईतीलच एक उदाहरण पुरेसे आहे. किंगफिशर एअरलाइन्सचे प्रमुख विजय मल्ल्या यांच्या वापरातील ए-३१९ विमान २००६ मध्ये तयार झाले होते. त्याच्या नोंदणीक्रमांकाची अखेरची अक्षरे त्यांच्या नावाची आद्याक्षरे होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरची उड्डाणे बंद पडली, तिच्या कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन्महिने थकले आणि सेवाकराच्या थकबाकीपोटी डिसेंबर २०१३ मध्ये हे विमान जप्त करण्यात आले. त्यानंतर साडेचार वर्षे ते मुंबई विमानतळावर उभे होते. उभ्या विमानाचे मोल झपाट्याने घसरते : एंजिने ठराविक काळाने फिरवावी लागतात, टाक्या कोरड्या ठेवाव्या लागतात, दमट खाऱ्या हवेत धातू गंजतो, तपासण्यांच्या मुदती टळल्या की उड्डाणयोग्यता संपते. १५२ कोटी रुपयांच्या राखीव किमतीपासून सुरू झालेले लिलाव एकामागून एक निष्फळ ठरले व अखेर २०१८ मध्ये एका अमेरिकन कंपनीने ते ३४.८ कोटी रुपयांना घेतले. प्रवासी आसनांचे ए-३१९ दुसऱ्या कोणत्याही कंपनीस उपयोगी पडते. एका माणसाच्या आवडीनुसार सजविलेल्या विमानाला मात्र त्याच आवडीचा दुसरा धनिक शोधावा लागतो. तो न मिळाल्यास सजावटीची किंमत शून्य धरली जाते आणि उरतात ती एंजिने व सुटे भाग.

मावळ व लोणावळा : मोठ्या कार्यकारी विमानाची खरी मर्यादा भूगोलाची आहे. पूर्ण भाराने उडताना त्यास सु. दोन कि.मी. लांबीची भक्कम धावपट्टी हवी असते. मुंबईची मुख्य धावपट्टी सु. ३.४ कि.मी. व पुण्याजवळील लोहगावची सु. २.५ कि.मी. लांब आहे, लोहगाव हा मुळात वायुसेनेचा तळ आहे. या दोहोंच्या मध्ये, सु. ६२० मी. उंचीवर वसलेल्या लोणावळ्यात मुंबईच्या धनिकांचे बंगले पिढ्यानपिढ्या आहेत, पण त्यांच्या मोठ्या विमानांना येथे जागा नाही. उंचीमुळे हवा विरळ असते, त्यामुळे उड्डाणासाठी अधिक लांब धाव घ्यावी लागते. घाटमाथ्यावरील सपाट पठारे तुटक आहेत आणि पावसाळ्यात ढग जमिनीला टेकतात. लोणावळ्याच्या दक्षिणेस मुळशी तालुक्यात सहारा समूहाने वसविलेल्या ॲम्बी व्हॅली या वसाहतीत एक खाजगी धावपट्टी आहे. तथापि ती लहान विमानांच्याच उपयोगाची. ज्या समूहाने १९९३ पासून बोइंग ७३७ विमानांची प्रवासी सेवा चालविली, त्याच्या स्वतःच्या वसाहतीत ते विमान उतरू शकत नव्हते. ती विमानसेवा २००७ मध्ये जेट एअरवेजला विकली गेली व ॲम्बी व्हॅली २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जप्त झाली. अकरा हजार कि.मी. न थांबता आलेल्या प्रवाशाला मुंबईहून लोणावळ्यापर्यंतचे सु. ८० कि.मी. अंतर हेलिकॉप्टरने अथवा द्रुतगती मार्गावरील इतर मोटारींच्या रांगेतूनच काटावे लागते. मावळाच्या आकाशात कमी उंचीवर दिसतात, ती कामशेतच्या टेकड्यांवरून वाऱ्याच्या बळावर तरंगणारी पॅराग्लायडर.

पुणे परिसरात रूपांतरित प्रवासी विमानाचा एक नमुना मात्र कायमचा जमिनीवर आहे. हडपसर येथील सीरम इन्स्टिट्यूटच्या आवारात सेवानिवृत्त एअरबस ए-३२० विमानाच्या धडात कार्यालय थाटण्यात आले असून बैठकीची दालने व विश्रांतिकक्ष यांची रचना राष्ट्रप्रमुखाच्या विमानाच्या धर्तीवर केलेली आहे. हे विमान उडत नसल्याने त्यातील सामानाच्या वजनाचा हिशेब ठेवावा लागत नाही, आसनांची झटक्याची परीक्षा होत नाही आणि संगमरवर हवा तितका बसविता येतो.